माझं दुसरं टोक

मित्रांनो, वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या अंगणातला मी एक जुना सी-सॉ आहे. मधे लोखंडी खांब, त्यावर लांब फळी, एवढाच माझा संसार. भोरच्या वेल्डरने मला घडवून टेम्पोतून इथे आणलं, तेव्हा आधी कोण बसणार यावरून पोरांची चांगलीच जुंपली होती.

शाळेचा पट तेव्हा भरलेला होता. शेतकऱ्यांची, धनगरांची, कातकऱ्यांची पोरं माझ्यावर समोरासमोर बसत. बसताना जात नव्हे, वजन बघावं लागे. त्याचा मला भारी अभिमान होता, उगाच कशाला लपवू?

मग कुणाच्या वडिलांना पुण्यात काम लागलं, कुणी पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेत जाऊ लागलं. कातकऱ्यांची घरं वीटभट्टीवर गेली. विकलेल्या शेतांत बंगले उठले, पण सुट्टीपुरती येणारी माणसं शाळेचा पट थोडीच वाढवणार! शेवटी दुसरीतला पप्पू आणि चौथीतली शेफाली राहिली. मला तेवढी दोघं पुरेशी होती.

शेफाली चौथी पास होऊन भोरला गेली आणि सगळंच संपलं. एका हाताने टाळी वाजत नाही, तसा एका पोराने मी हलत नाही. पप्पू एका टोकावर बसायचा आणि नुसता बसूनच राहायचा.

एक दिवस त्याचे आजोबा गेनबा शाळेत दाखला मागायला आले. पप्पू गेला की शाळा बंद होणार, हे शाळेच्या शिक्षिका मंगलबाईंना ठाऊक होतं.

“गेनबा, एवढा एक तरी राहू द्या,” त्या म्हणाल्या.

गेनबा माझ्याकडे बघत राहिले. “बाई, तुमी लई जीव लावला. पर शाळा वाचावी म्हनून पोराला एकटा ठिवू का? त्यानं खेळायचं कुनासंगं?”

बाई आत जाऊन दाखला लिहायला बसल्या.

नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी पप्पू गाडीची वाट बघत माझ्यावर येऊन बसला. दाराला कुलूप लावायला आलेल्या बाईंनी दोन्ही हातांनी माझं रिकामं टोक खाली दाबलं. कितीतरी दिवसांनी तो वर गेला. वरून त्याला वळणावरची पिवळी गाडी दिसली.

“बाई, सोडू नका,” तो म्हणाला.

बाईंनी अंगाचा सगळा भार टाकून मला तसंच धरून ठेवलं. गाडीचा हॉर्न वाजला, तेव्हा त्यांनी त्याला अलगद खाली टेकवलं.

आता पप्पू बसायचा ते माझं टोक मातीत रुतलंय आणि दुसरं वर राहिलंय. मित्रांनो, खेळण्यांची निगा राखा, असं मी सांगायला हवं. पण मला रंग नको, तेल नको. कधी इकडे आलात, तर एकटे तेवढे येऊ नका.