कानाची खूण

सिरीलने बादलीतून मूठभर मीठ घेतलं, बर्फ वितळावा म्हणून फेकायला हात मागे नेला आणि तो तसाच थांबला. खिशात फोन वाजत होता. ड्राइव्ह-वेवर रात्रीच्या बर्फाचा निसरडा थर होता, वॉन शहरातल्या गोदामातली त्याची शिफ्ट सातला सुरू व्हायची होती, आणि पहाटे सहाला फोन करणारं माणूस त्याला जगात एकच होतं. मीठ त्याने डाव्या मुठीत घेतलं आणि उजवा हातमोजा दातांनी ओढून काढला.

"डॅडी, घाबरू नकोस. आम्ही सगळे बरे आहोत," निकोल म्हणाली.

अशी सुरुवात ऐकून न घाबरलेला बाप अजून जन्माला यायचा आहे.

"काय झालं?"

"तुझी मिथुन सापडत नाहीये. सतरा दिवस झाले, मिठाला आलीच नाही. तादो आणि काका रोज जंगलात शोधायला जातायत. पण फॉग एवढा आहे ना, की टू स्टेप्सवरचं झाड दिसत नाही. तादोच्या आईने तर जेवण सोडलंय."

"अगं, जनावरच आहे. त्यांना सांग, सिरीलला काही..."

 वाईट वाटत नाही म्हणावं, तर ते खोटं झालं असतं. वाटतं म्हणावं, तर का, ते सांगता आलं नसतं.

"तसं नाही सांगता येत, डॅडी. तुझं जनावर त्यांच्या राखणीतून हरवलंय. दॅट्स हाउ दे सी इट."

मग नेहमीप्रमाणे मधेच फोन तुटला. तिकडे नेटवर्क फक्त शाळेमागच्या टेकाडावर यायचं, आणि तेही त्याच्या मर्जीने. सिरील मूठ आवळून उभा राहिला. मीठ ओलं होऊन हातमोज्यातून बोटांना झोंबायला लागलं, तेव्हा ते टाकायचं होतं हे त्याला आठवलं.

कॅनडातल्या एटोबिकोत राहणाऱ्या, मूळ वसईच्या, फोर्कलिफ्ट चालवून पोट भरणाऱ्या माणसाची गव्याएवढी मिथुन गाय अरुणाचलच्या जंगलात चरते, हे कोणाला सांगितलं तर तो आधी हसायचा. गोदामातला ईश्वरभाई वर्षभर "काउबॉय" म्हणूनच हाक मारत होता. दोष त्याचा नव्हता. खुद्द सिरीललाही ही गोष्ट नीट सांगता येत नसे.

डाबरे कुटुंब दोन हजार अकरात कॅनडात आलं. निकोल इथे पर्यावरण शिकली आणि पंधराच्या सप्टेंबरात धनेश पक्ष्यांची घरटी मोजायला म्हणून सहा महिन्यांसाठी अरुणाचलात न्यिशी लोकांच्या डोंगरात गेली. सहाचे बारा महिने झाले. मग फोनवर पक्षी कमी आणि तादो नावाचा शाळामास्तर जास्त ऐकू यायला लागला. गेल्या वर्षी, सतराच्या जानेवारीत, सिरील आणि त्याची बायको ब्लांच लग्नाला गेले. निदान सूटकेसमध्ये कपडे तरी लग्नाचेच होते. सिरीलच्या मनात मात्र मुलीला परत आणायचं होतं.

त्या प्रवासात पहिल्या दिवसापासून त्याला काही उमगेनासं झालं. राहायला कॅनडात, पासपोर्ट भारताचा, आणि भारतातच आत जायला परमिट. नाक्यावरच्या पोलिसाने कागद उलटसुलट करून विचारलं, "आप लोग कहाँ का है?" सिरीलने एटोबिको म्हणावं की वसई म्हणावं याचा इतका वेळ विचार केला, की पोलिसालाच दया आली आणि त्याने फाटक उघडलं. पुढे सुमो चढत राहिली आणि धुकं उतरत राहिलं. खाली दरी होती म्हणे. सिरीलला दिसली ती फक्त ड्रायव्हरची मान, पाच तास.

लग्न गावच्या पत्र्याच्या छपराच्या चर्चमध्ये लागलं. मिस्सेचा विधी समजत होता, पण तिचा एकही शब्द समजत नव्हता. हेही त्याने सोसलं. गाडी अडली ती दुपारी, तादोच्या बांबूच्या घरात, मधल्या चुलीपाशी. तादोची आई समोर येऊन बसली. म्हणाली, रिवाजाप्रमाणे मुलीच्या घराला चार-पाच मिथुन द्यायला हवेत. आता दिवस बदलले, मुलंही शिकली, म्हणून एकच देतो, पण चांगली गाय देतो.

आता, मुलीच्या बापाने मांडवात कसं वागायचं हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही. वाकायचं, हसायचं, कमीजास्त झालं तर माफ करा म्हणायचं. मुलगी लग्नाची झाल्यापासून सिरील त्याचीच मनात उजळणी करत होता. इथे उलटंच, मुलाकडचे वाकलेले. त्याला वाटलं, आपली परीक्षा घेताहेत. ताठ बसून तो म्हणाला, "माफ कीजिये. हम अपनी बेटी बेचते नहीं."

 तादोच्या आईने आधी मुलाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"बेचने का बात कौन बोला?" ती हळूच म्हणाली. "आपका जानवर इधर रहेगा तो आप लोग का आना-जाना रहेगा. आप नहीं लेगा, तो गाँव में सब बोलेगा, इस लड़की का पीछे कोई नहीं है."

ब्लांचने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला. एकोणतीस वर्षांच्या संसारात त्या दाबण्याचा अर्थ एकच होता. सिरील "हाँ" म्हणाला. पण हे हो म्हणणं कशाला होतं, गाईला, लग्नाला, की मुलगी इथेच राहण्याला, हे त्याने विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला चढावर नेलं, हातात मूठभर खडेमीठ दिलं आणि उभं केलं. मिथुन गोठ्यात राहत नाहीत. जंगलात मोकळी फिरतात आणि मिठासाठी माणसाकडे येतात. तादोच्या काकांनी हाक घातली. बराच वेळ समोर नुसतं पांढरं होतं. मग त्यातून एक रुंद काळं कपाळ निघालं, थेट त्याच्यापाशी आलं आणि खरखरीत जिभेने तळहात चाटू लागलं. सिरील लहानपणी वसईच्या मिठागरावर बापाच्या मागे मागे फिरलेला. मिठाने भेगाळलेले बापाचे हात त्याला एकदम आठवले, आणि त्याला रडू आलं. धुक्यात ते कोणाला दिसलं नाही, एवढं बरं झालं.

"निशान?" काकांनी सुरी काढून विचारलं. प्रत्येक घराची जनावरं कानाच्या खाचांवरून ओळखतात, तुमच्या घरची खूण कोणती? सिरीलच्या घरची खूण म्हणजे बाप मिठाच्या गोणींवर काढायचा त्या दोन तिरक्या रेघा. त्याने बोटाने हवेत काढून दाखवल्या. काकांनी उजव्या कानाला दोन खाचा घातल्या. गाईने मान झटकली आणि पुन्हा तळहात चाटू लागली.

तर अशी ती गाय. आणि ती आता हरवली होती.

त्या फोननंतर सिरील रोज त्या जिल्ह्याचं हवामान बघू लागला. रोज धुकं. गोदामात त्याने एकदा भलत्याच रॅकवर माल चढवला. घरी तो फ्रिजसमोर उभा राहायचा. फ्रिजवर ग्रोसरीवाल्याने दिलेलं कॅलेंडर होतं, आणि सप्टेंबरातल्या अकरा तारखेला लाल गोल. पाच वर्षांतली दोन वर्षं कॅनडात काढली नाहीत, तर पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा हक्क, जाण्याची भीती. निकोलला बाहेर राहता येण्यासारखे दिवस त्या तारखेला संपत होते. ती परतली की तादोला स्पॉन्सर करून इकडे आणता येणार होतं, त्याचे फॉर्म सिरीलने प्रिंट काढून ड्रॉवरमध्ये ठेवले होते. फक्त निकोलला यायचं आहे की नाही, हे तिला स्पष्ट विचारायची हिंमत घरात कोणाला झाली नव्हती. ब्लांचने विषय काढला की ती हसून पक्ष्यांवर जायची.

"तुला नकोच होतं ना ते जनावर?" ब्लांचने विचारलं.

"नकोच होतं."

"मग जेवत का नाहीस?"

सिरीलने ताटातल्या मासळीचा काटा काढून बाजूला ठेवला. मनात त्या दिवशी एक वाईट विचार येऊन गेला होता. गाय सापडलीच नाही, तर तिकडचा दोरच तुटेल, आणि मग कदाचित पोरगी परत येईल. हा विचार आला तेव्हा त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की रविवारी चर्चमध्ये तो सेंट अँथनीसमोर मेणबत्ती लावायला गेला. हरवलेलं शोधून देणारा संत तो. पण त्याच्याकडे काय हरवलंय ते नीट सांगावं लागतं, आणि सिरील तिथे हात जोडून घुटमळत राहिला. गाय मागावी की मुलगी? मागे रांग वाढली, तेव्हा तो काहीच न मागता बाजूला झाला.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी बर्फ पडायला लागला. ब्लांच म्हणाली, "आज तिचा फोन येईल. आज सप्टेंबरचं बोल. माझं ती ऐकत नाही." सिरील हो म्हणाला आणि फावड्याने बर्फ उपसायला बाहेर पडला. अर्धा ड्राइव्ह-वे झाला, बादलीतून मीठ घेतलं, आणि फोन वाजला. व्हिडिओ होता. तिकडे रविवारची सकाळ उजाडत होती.

"डॅडी! बघ, बघ कोण आलंय!"

आधी नुसतं पांढरं दिसलं. मग फोन हलला आणि ते रुंद कपाळ पडद्यावर आलं. उजवा कान, त्यावर दोन खाचा. गाय वाळली होती. तिच्या पायांशी, पोटाखाली अर्धं लपलेलं, लाकडाच्या रंगाचं एक वासरू उभं होतं.

"व्यायला गेली होती ती! वर, एकदम डीप फॉरेस्टमध्ये. आम्ही वेड्यासारखे शोधतोय, आणि ही आज स्वतःच आली, वासराला घेऊन."

 सिरील वेड्यासारखा मान हलवत राहिला. त्याला आनंद झाला होता, इतका आनंद या देशात आल्यापासून झाला नव्हता.

"डॅडी, काका विचारतायत, वासराला कोणती खूण घालायची? गाय तुझी, म्हणजे वासरूही तुझंच. दोन खाचा घालायला सांगू?"

पडद्याच्या कडेला सुरी धरलेला हात दिसत होता. निकोलचा चेहरा मध्ये आला. केसांवर दव, डोक्याला लोकरीची टोपी, लहानपणी रिपोर्ट कार्ड दाखवताना चावायची तसा ओठ चावलेला. ती उत्तराची वाट पाहत होती, आणि ती फक्त वासराबद्दल विचारत नव्हती, हे सिरीलला त्या क्षणी कळलं. वर्षभर त्याच्या डोक्यात असलेला गोंधळ सरला आणि तिथे नुसतं दुखू लागलं.

"तादोच्या घरची खूण कशी असते?"

"एकच खाच. डाव्या कानाला."

"ती घाला."

 निकोल म्हणाली, "डॅडी, पुन्हा नको म्हणतोयस का? त्यांना खूप हर्ट होईल."

"नको नाही म्हणत. वासरू माझं आहे ना? माझं आहे म्हणून देतोय. सांग त्यांना. मुलीच्या बापाकडून."

ती काहीतरी बोलली, पण त्याला नाही, मागे वळून, त्या लोकांच्या भाषेत, आणि भराभर. तिला ती भाषा इतकी येते हे त्याला माहीत नव्हतं. मागे कोणीतरी मोठ्याने हसलं. तादोच्या आईने फोन हिसकावून घेतला, आणि पडद्यावर तिचं फक्त कपाळ आणि एक ओला डोळा दिसू लागला.

"आप आएगा ना?"

"आएगा," सिरील तिच्याच हिंदीत म्हणाला. "नमक लेके आएगा."

फोन तुटला. सिरीलने उरलेलं मीठ पायरीवर टाकलं, बूट झटकले आणि तो आत आला. ब्लांच फ्रिजपाशी उभी होती. तिने खिडकीतून सगळं पाहिलं होतं, ऐकलं काहीच नव्हतं.

"गाय आली," तो म्हणाला. "वासरू झालंय तिला."

"देवाची कृपा. आणि सप्टेंबरचं? बोललास का तिच्याशी?"

"बोललो."

ब्लांच त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने टॉवेल घेतला आणि त्याचा मिठाने लाल झालेला हात पुसायला लागली.