पेटीतला सातवा कागद

ऑल्डन क्रोवेल यांच्याकडून आयुष्यात एकाच पत्राला उत्तर द्यायचं राहिलं होतं, आणि ते पत्र दहा वर्षांच्या मुलीचं होतं.

एरवी पत्रांच्या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर माणूस अमेरिकेतल्या त्या वेक्सबरी गावात सापडला नसता. नाताळच्या शुभेच्छांना जानेवारी संपायच्या आत उत्तर. चुकून दारात पडलेलं शेजाऱ्याचं पाकीटसुद्धा दोन ओळींची चिठ्ठी जोडून त्याच्याकडे पोचतं करायचे. पण पाचवीतल्या रोवेना टिफ्टचं पत्र सत्तावीस वर्षं तसंच पडून राहिलं. पेन्सिलीनं लिहिलेलं, वहीच्या पानावर:

‘सर, सातव्या कागदावर तुम्ही लिहिलंय की डॉर्कस ही आपल्या गावातली शेवटची निपमक, आणि ती १७९८ साली वारली. माझी आजी १९१९ साली जन्मली. ती निपमक आहे. आई पण आहे. मी पण. आजी म्हणते, सरांना गुरुवारी जेवायला बोलाव, म्हणजे त्यांना आम्हाला मोजता येईल.’

निपमक म्हणजे त्या भागातले मूळचे रहिवासी, गोरे येण्याआधीपासूनचे. आणि सातवा कागद म्हणजे पेटीतला. ती पेटी हे ऑल्डननी आयुष्यात केलेलं एकमेव नाव घेण्याजोगं काम. पुस्तकातला इतिहास मुलांच्या गळी उतरत नाही हे पहिल्याच वर्षी ध्यानात आल्यावर त्यांनी जुन्या कागदांच्या नकला करायला घेतल्या. एका विधवेच्या घरातल्या भांड्यांची यादी, चहावर बहिष्कार घालणाऱ्या गावकऱ्यांच्या सह्या, सैन्यातून पळालेल्या पोराचं आईला पत्र. असे बावीस कागद, सोबत पिसाची लेखणी, मेणाचा शिक्का आणि गावाचा जुना नकाशा. मुलांनी पेटीत हात घालायचा, हाताला लागेल तो कागद वाचायचा आणि ओळखायचं, हा माणूस कोण, त्याला काय हवं होतं. एरवी मुलांसमोरही अडखळणारे ऑल्डन पेटी उघडली की घडाघडा बोलायला लागत.

सातवा कागद मुलांचा लाडका. गावच्या दफनभूमीत कोपऱ्यात एक दगड आहे, ‘इथे डॉर्कस विसावली, आपल्या लोकांतली शेवटची.’ त्या लेखाची नक्कल आणि खाली ऑल्डननी लिहिलेली तिची गोष्ट, असा तो कागद. त्या भागात असा दगड असलेली गावं बरीच. पहिलं चर्च, पहिली गिरणी, तसा प्रत्येकाला आपला एक ‘शेवटचा’ही हवा असायचा. मे महिन्याच्या अखेरीला शाळेतली मुलं सैनिकांच्या थडग्यांवर झेंडे लावत, आणि चिठ्ठ्या टाकून एक मूल डॉर्कसच्या दगडावर फुलं वाहत असे. ही चिठ्ठ्यांची प्रथा ऑल्डननीच घातलेली.

त्या वर्षी चिठ्ठी रोवेनाची निघाली. तिनं निमूटपणे लायलॅकची फांदी ठेवली. दुसऱ्या दिवशी टेबलावर पत्र ठेवलं आणि तिथंच उभी राहिली.

“आजी खूप हसली, सर,” ती म्हणाली. “म्हणाली, फुलं ठेवलीस ते बरं केलंस, पण घरी सगळे खुशाल आहेत हे सांगितलंस का तिला?”

ऑल्डननी पत्राची घडी घातली. “आधी जरा तपासून बघतो हं, रोवेना. मग लिहून देतो तुला उत्तर.”

तपासलं मात्र त्यांनी मनापासून. ते काम त्यांना येत होतं. त्या उन्हाळ्यात रोज दुपारी नगरकचेरीच्या तळघरात बसून त्यांनी जन्ममृत्यूच्या वह्या चाळल्या. डॉर्कसची एक भाची होती. १७९० साली तिच्या नावापुढे कारकुनानं ‘इंडियन’ लिहिलं होतं. १८१२ साली तिच्याच मुलांच्या नावांपुढे नव्या कारकुनानं ‘काळे’ असं लिहिलं. तिच्या नातवंडांपुढे तिसऱ्यानं काहीच लिहिलं नाही. घर तेच, तळ्याकाठचं. धंदा तोच, टोपल्या विणण्याचा. नातवंडांतल्या एकीचं लग्न टिफ्ट नावाच्या माणसाशी झालं होतं. माणसं मेली नव्हती. कारकून बदलले होते.

जुलैअखेर एकतीस पानांचं टिपण तयार झालं. आणि त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीतून फोन आला की पेटी चाळीस शाळांना द्यायचं ठरलंय, फक्त ‘तपासले’ एवढं लिहून सही करून पाठवा.

ऑल्डननी सही केली.

का केली, हे ते पुढं कितीदा तरी स्वतःला विचारत राहिले. गावाशी भांडायची भीती होती हे खरं. आपल्याच वाचण्यात चूक झाली असेल, ही शंका होती, तीही खरीच. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती आणि ती सांगायला लाज वाटायची. सातवा कागद त्यांना स्वतःलाही फार आवडायचा. तो वाचताना वर्ग गप्प व्हायचा.

ऑक्टोबरच्या जत्रेत रोवेनाची आजी टोपल्यांच्या मांडवात बसलेली दिसली. ऑल्डन वळून जाणार, तेवढ्यात तिनं हाक मारली.

“सर, गुरुवार दर आठवड्याला येतो हो!”

“हो, हो. येतो की. नक्की येतो.”

“यायच्या आधी सांगू नका. तुम्ही सांगता आणि मी उगीच जास्तीचा मका शिजवते.”

गडबडीत त्यांनी एक टोपली विकत घेतली आणि घर गाठलं. टिपण त्या टोपलीत ठेवलं, वर रोवेनाचं पत्र. उत्तर लिहायला घेतलं की पहिल्याच वाक्यापाशी अडायचं. ‘तुझं बरोबर आहे’ असं लिहावं, तर मग सही का केली तेही लिहावं लागणार. दोन हिवाळ्यांनी आजी गेली. आता कुठल्या तोंडानं लिहायचं, म्हणून राहिलं. रोवेना शाळा संपवून गावाबाहेर पडली, तसं आणखी राहिलं.

पाच वर्षांपूर्वी वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. ती निपमक लोकांच्या कचेरीत काम करत होती. तिनं म्हटलं होतं, ‘जमात म्हणून मान्यता द्यायला सरकार आमच्याकडे पिढ्यान्पिढ्यांचे पुरावे मागतं. वेक्सबरीची दप्तरं आजवर कुणी नीट चाळलेलीच नाहीत.’

ऑल्डननी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. टोपली समोरच्याच फळीवर होती. त्यांनी कात्रण काढलं, त्यावरचा पत्ता अधोरेखित केला आणि तेही टोपलीत ठेवलं.

या शरद ऋतूत लायमन बॉट्सफर्डचा निरोप आला. लायमन त्यांचा बालमित्र, सफरचंदांच्या बागांचा मालक आणि आता गावच्या इतिहास मंडळाचा अध्यक्ष. देशाला अडीचशे वर्षं होतायत, पेटी नव्यानं छापून राज्यभर पाठवायची, म्हणाला. ऑल्डन मंडळाच्या खोलीत गेले तेव्हा टेबलावर नवी कोरी पेटी, गरम सफरचंदाचा रस आणि साखरेत घोळवलेले डोनट मांडलेले होते.

“ये रे, ग्रंथकार! सोमवारी छापायला जातंय. इथं ‘तपासले’ लिही, सही ठोक, आणि खा.”

ऑल्डननी लेखणी घेतली नाही. “सातवा कागद काढायचाय.”

“तो? अरे, तोच तर पोरांना आवडतो. माझी नात रडली होती वाचून.”

“खोटा आहे तो.”

“खोटा कसा? दगडावर कोरलंय.”

“दगडावर आपल्याच पणजोबांनी कोरलंय, लायमन. ती गेल्यावर ऐंशी वर्षांनी. शेजारच्या गावात एक शेवटचा आहे, त्याच्या पलीकडच्या गावातही एक आहे. शेवटचे इतके असतात का कुठं?”

लायमन मोठ्यानं हसला, मग थांबला. “कळलं कधी तुला हे?”

“अठ्ठ्याण्णव साली. जुलैत.”

“आणि त्या वेळची सही?”

“माझीच. कळल्यावर केलेली.”

लायमननं डोनट खाली ठेवला. “मग काय, कुणी तोंड शिवलं होतं का तुझं?”

“नाही. कुणीच नाही.”

लायमननं बोटांवरची साखर झटकली. मग तो म्हणाला, “बरं. सातव्याच्या जागी काय घालू? तू तर सगळं शोधून ठेवलंयस म्हणतोस. दे की लिहून नवा.”

मोह झाला. घरी एकतीस पानं तयार होती. एका बैठकीत सुंदर कागद झाला असता, आणि तोही वाचताना वर्ग गप्प झाला असता. ऑल्डननी मान हलवली.

“तो मी लिहायचा नाही. आधी मला एक पत्र लिहायचंय, अठ्ठ्याण्णवपासून राहिलेलं.”

“तुला एक पत्र लिहायला सत्तावीस वर्षं लागतात. मी सोमवार कसा गाठू?”

“एकवीसच छाप.”

“पोरं विचारतील, सातवा कुठाय?”

“विचारू देत.”

लायमन पुटपुटत राहिला, पण त्यानं गठ्ठ्यातून सातवा कागद काढला आणि घडी करून खिशात घातला. मग उरलेल्या एकवीसांवर ऑल्डननी सही केली.

घरी येऊन ते टेबलाशी बसले. या वेळी वाक्य अडलं नाही. शोभेचं काही लिहायचंच नव्हतं.

‘रोवेना, तुझं बरोबर होतं. मला ते दोन महिन्यांत कळलं होतं. तरी मी तो कागद चाळीस शाळांत जाऊ दिला आणि तुला लिहिलं नाही. तुझ्या आजींनी दोनदा जेवायला बोलावलं. मी गेलो नाही, त्याचं मला आता फार वाईट वाटतं. सोबत नगरकचेरीच्या वह्यांतली टिपणं आहेत. मूळ पानांचे आकडे समासात दिले आहेत, म्हणजे तुला माझ्यावर विश्वास ठेवावा लागणार नाही. ही पाच वर्षांपूर्वीच तुझ्या हाती पडायला हवी होती. पेटीतून सातवा कागद काढला आहे. त्या जागी काही यावं की नाही आणि ते कुणी लिहावं, हे तुम्ही ठरवा. उत्तर नाही आलं तरी मला समजेल.’

पत्र त्यांनी पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर दुरुस्त केलं असतं.

घराबाहेरच्या टपालपेटीत पाकीट मावेना, म्हणून ते कात्रणावरचा पत्ता घालून चालत टपाल कचेरीत गेले. खिडकीशी ओपल मॅकआयव्हर होती. तीही त्यांचीच विद्यार्थिनी, आता केस पांढरे झालेली.

“केवढं जड हो, सर! पुस्तक लिहिलंत की काय शेवटी?”

“नाही गं. पत्राचं उत्तर आहे.”

“एवढं मोठं? काय विचारलं होतं त्यांनी?”

“जेवायला बोलावलं होतं.”

ओपल हसली. तिनं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिंपात टाकलं. ते पडल्याचा आवाज आला, तरी ऑल्डन खिडकीशी थोडा वेळ उभेच राहिले.

“सर, आणखी काही?”

“आज वार कुठला, ओपल?”

“गुरुवार.”