हिरव्या चटईखाली

मी एक जुनी पांढरी काठी आहे, कमरेत वाकलेली. मित्रांनो, हा बाक म्हातारपणाचा नाही. देवगाव फाट्यावर मी एक हत्ती अडवला, त्याची ही खूण. हसू नका. त्या हत्तीला तीन चाकं होती, एवढाच काय तो फरक.

माझं अंग ॲल्युमिनियमचं, घडी होणारं, टोक लाल. माधवी मॅडमच्या हाती मी आले तेव्हा त्या सेलूला कॉलेजात होत्या. त्यांना जन्मापासून दिसत नाही. पुस्तकं कानांनी ऐकून त्या परीक्षा पास झाल्या, नायब तहसीलदार झाल्या. पहिल्याच दिवशी कचेरीत कुणी कुजबुजलं, "आता या बाई पंचनामा करणार!"

"करणार," मॅडम म्हणाल्या. "आधी तुमची चप्पल शिवून घ्या. फटफट वाजायलीय."

तेव्हापासून कचेरीत पालसुद्धा चुकचुकली नाही.

पण लोकांची एक खोड जाईना. मदत म्हणून ते माझं टोक धरायचे नि मॅडमना ओढत न्यायचे. मित्रांनो, माझे डोळे त्या टोकात आहेत. ते धरलं की आम्ही दोघी आंधळ्या.

त्या दिवशी फाट्यावर दिव्यांगांच्या नव्या केंद्राचं उद्घाटन होतं. चाकाच्या गाड्यांसाठी दारापर्यंत चढ बांधून त्यावर हिरवी चटई अंथरली होती. मॅडमनी चढ तपासल्याशिवाय दार उघडायचं नव्हतं. पायाने अधू असलेले सिताराममामा खाली तीनचाकी सायकलवर सजून बसले होते. आत जाण्याचा पहिला मान त्यांचा.

ठेकेदार पप्पूशेठने झटकन माझं टोक पकडलं.

"शेठ, काठी सोडा. कोपर द्या, मी धरते."

"आमी हाव ना मॅडम! एकदम मक्खन काम हाय."

तो कडेकडेने ओढू लागला. त्याच्या तळहाताला घाम सुटला होता. दारापाशी मॅडम थबकल्या. "मधून का नेत नाही?"

"मधी... हार ठेवलेत."

"फुलांचा वास तर मागून यायलाय."

इतक्यात ताशा कडाडला. फोटोवाला ओरडला, "मामा, येऊ द्या!" दोघा जणांनी मामांची सायकल मागून जोरात ढकलली. चाकं करकरत चढू लागली. पप्पूशेठने माझं टोक आणखी घट्ट आवळलं.

मॅडमनी हिसका देऊन मला सोडवलं, चटईच्या मधोमध टेकवलं. खाली काहीच नव्हतं! दारासमोरची खोल नाली उघडीच होती. कडेला एक फळी, बाकी तिच्यावर नुसती चटई.

"मामा, थांबा!"

ताशात ऐकतो कोण? ढकलणारे हसतच होते. मॅडम गुडघ्यावर बसल्या, करकर जवळ येऊ दिली नि मला थेट पुढच्या चाकात खुपसलं. माझं हाड मोडल्यासारखं झालं. त्या खणखणाटाने आभाळातले पक्षी दचकून पाथरीपर्यंत उडाले म्हणतात. पण चाक थांबलं, नालीच्या काठावर.

मामांनी वाकून नालीत पाहिलं. "पप्प्या, उद्घाटन सेंटरचं होतं का माझ्या तेराव्याचं?"

"उद्या झाकणारच होतो, मामा..."

"मग दारही झाकल्यावरच उघडेल," मॅडम उठत म्हणाल्या. "पाहुण्यांना सांगा."

नालीवर पक्की फरशी पडली, तेव्हाच मामा आत गेले. मला लोहाराकडेही नेलं, पण माझी घडी आता होत नाही. मॅडमच्या हातात नवी काठी आहे. मी दाराआड धूळ खात उभी असते.

मित्रांनो, कुणाची काठी ओढू नका. आधी विचारा, मग कोपर पुढे करा. पप्पूशेठ हे इतकं शिकला, की फाट्यावर मॅडमची जीप लांबून दिसली तरी कोपर काढून उभा राहतो. एसटीवाल्यांना वाटतं, हात दाखवतोय. आता तिथे प्रत्येक गाडी थांबते.