पाहुणीसाठी राखलेली खुर्ची

मी एक झुलती खुर्ची. अमेरिकेत, केंटकीच्या डोंगरांतल्या एका अरुंद घळीत, व्हर्नामावशीच्या ओसरीवर माझं आयुष्य गेलं. तिच्या नवऱ्यानं हिकरीच्या झाडाचं चिवट लाकूड तासून मला घडवलं आणि त्याच झाडाच्या सालीनं माझी बैठक विणली. तो गेल्यावर मावशी रोज संध्याकाळी माझ्यावर बसून घेवड्याच्या शिरा काढायची.

मधूनच तिच्या छातीत कळ यायची. मग ती माझा डावा हात घट्ट धरायची. तिथलं लाकूड गुळगुळीत झालं होतं. का, ते फक्त मला ठाऊक होतं.

गावात दवाखाना एकच, आणि तिथले डॉक्टर थकलेले. त्यांच्यानंतर त्याला कुलूप लागणार होतं. पुढचं इस्पितळ पार डोंगरापलीकडे. म्हणून त्यांनी शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयाला विनवलं, की शिकणारी मुलं इकडे पाठवा. एखादं तरी इथं राहील.

त्यातलीच एक, टेसा, आली. राहायची सोय मावशीकडे. या पोरीला इथं करमलंच पाहिजे, असं सगळ्या गावानं मनावर घेतलं. शेजारचा म्हातारा होबर्ट, जन्मभर खाणीत राबलेला, येईल त्याला दटावायचा, "रडगाणी घेऊन दवाखान्यात जाऊ नका रे. पोर घाबरून पळेल!"

"तू आधी तुझं खोकणं आवर," मावशी म्हणायची.

होबर्ट तोंडावर टोपी धरून हसायचा आणि हसता हसता पुन्हा खोकायचा.

टेसा असेपर्यंत लोकांनी दुखणी अंगावर काढली. डॉक्टरांनाही कुणी पत्ता लागू दिला नाही. मावशीनं तर मला नवी उशी शिवली आणि टेसासाठी राखून ठेवलं. स्वतः ती पायरीवर बसायची.

एका संध्याकाळी टेसा माझ्यावर बसली असताना मावशीनं मागून माझी पाठ गच्च धरली. ती पकड मी ओळखली. टेसानं वळून पाहिलं.

"मावशी, चेहरा किती पांढरा पडलाय तुमचा! थांबा, तपासते."

"काही नाही गं, दुपारी कांदा जास्त झाला. तू केक खा बघू आधी."

"पण मी शिकायलाच आलेय ना इथं?"

"शिकशील गं. दमून आली आहेस."

मी सगळं बळ एकवटून करकरले.

"हिला तेल घालायला हवं," मावशी म्हणाली.

जायच्या आदल्या दिवशी टेसा माझ्यावर बसून आईशी फोनवर बोलत होती. "माणसं फार गोड आहेत गं. पण दवाखान्यात मी दिवसभर माशा मारते. यांना माझी गरजच नाही. मी शहरातलीच नोकरी घेते."

दाराआड मावशी सफरचंदाच्या केकचा डबा घेऊन उभी होती. तिनं डबा तेवढा नीट बांधून दिला.

पुढच्या हिवाळ्यात डॉक्टर निवृत्त झाले आणि दवाखाना बंद पडला. त्याच हिवाळ्यात मावशीला मोठी कळ आली. होबर्ट धावत आला. पण रुग्णवाहिका बर्फातून डोंगर ओलांडून येईपर्यंत माझ्या हातावरची तिची पकड सुटली होती.

टेसा मातीला आली. "मला कुणीच का नाही सांगितलं?" तिनं विचारलं.

होबर्ट टोपी हातात फिरवत राहिला. "तू पाहुणी होतीस, बाळ. पाहुण्यांना कुणी दुखणी सांगतं का?"

टेसानं माझ्या डाव्या हातावरच्या त्या गुळगुळीत जागेवर बोटं टेकवली. बराच वेळ तिनं ती उचलली नाहीत.

आता मी होबर्टच्या ओसरीवर असते. महाविद्यालयाची फिरत्या दवाखान्याची गाडी अधूनमधून येते. काल तिच्यातून एक शिकाऊ डॉक्टर उतरला. होबर्टनं माझ्यावरची धूळ झटकली. "बस रे बाबा. दमला असशील," तो म्हणाला आणि त्यानं टोपीत खोकला दाबला.

अरे होबर्ट, त्याला उभं राहू दे! तू बस माझ्यावर, आणि शर्टाची बटणं सोड. तो त्यासाठीच आलाय रे.

तो मुलगा बसताच मी जीव खाऊन करकरले.

"खुर्ची फार करकरते हो, आजोबा," तो मुलगा म्हणाला.

"तेल आणतो," असं म्हणून होबर्ट खोकायला मागच्या अंगणात गेला.