गिरणीचा दिवाळसण

भय्याजींची जीभ त्यांच्या राइस मिलच्या पट्ट्यापेक्षा जोरात पळायची. टांझानियात नवी मिल टाकायला ते करडी गावच्या मिलमधला सगळा पैसा तिकडे नेताहेत, अशी बातमी गावभर झाली, तेव्हा मिलच्या अंगणात धान वाळवणाऱ्या बायांनी त्यांना घेरलं.

"इथली मिल बंद करून राहिले का जी?" सुलोचनाबाईनं विचारलं. तिची चूल त्याच अंगणाच्या मजुरीवर पेटायची.

"बंद कायले वो? पोरगी सासरी देऊन राहिलो समजा! पोरगी गेली म्हून माहेर बंद होते का?"

झालं! झाडीपट्टीतल्या बायांसमोर असं बोलू नये. त्या शब्दाला धरून बसतात.

टांझानियाच्या नव्या मिलचं यंत्र पेटीत भरून ट्रकवर चढलं, तेव्हा बायांनी पेटीला हळदकुंकू लावलं, ओटी भरली, गळा काढला. त्या रडण्यानं रस्त्यात एवढा चिखल झाला की ट्रक कारध्याच्या पुलापर्यंत बैलांनी ओढला. खोटं वाटत असेल तर वैनगंगेला विचारा, ती तेव्हा पुलाखालीच होती.

इकडे मात्र करडीची मिल थंडावली. पट्टा तुटला, कोणी जोडेना. भय्याजींचं सगळं लक्ष तिकडे. अंगणात धानाऐवजी चिमण्या वाळू लागल्या. तुमसरकडच्या एका शेठनंही असंच केलं होतं. त्याच्या मिलमध्ये आता फक्त पारवे कामाला आहेत.

लवकर पिकणारा हलका धान कापणीला आला, दिवाळी तोंडावर आली. सुलोचनाबाई फराळाचा डबा घेऊन भय्याजींच्या ओसरीवर जाऊन बसली. मागे अख्खं अंगण.

"पोरीची पयली दिवाळी हाये. आणाले कवा जाता?"

"कोणती पोरगी?"

"टांझानियातली. तुमीच बोलले ना, माहेर बंद नाई होत म्हून?"

"अवो, थे तं बोलाची गोष्ट होती!"

"मंग लेकीले माहेरी न आणणारा बाप म्हून गावात सांगू का?"

भय्याजी घामाघूम. एवढी नाचक्की कोण सोसणार? त्यांनी तिकडे मिल सांभाळणाऱ्या पुतण्याला, मोनूला, फोन लावला. "काही तरी पाठव बाबू. अख्खी मिल नाई तं तिचं बोट तरी पाठव!"

मोनूकडे एक निकामी चाळणी पडली होती. तिकडचा दाणा लठ्ठ. चाळणीत अडकायचा, मिल सारखी बंद पडायची. त्यानं तीच पाठवली.

चाळणी आली. कारध्याचा पूल ओलांडताच माहेरच्या आनंदानं आपोआप थरथरू लागली म्हणतात. बायांनी ओवाळलं. चाळण्या ठोकणाऱ्या खुशालनं तिला उलटीपालटी केली.

"हिले सासरचा दाणा मानवला नाई. भोकं मोठी करा लागतीन."

"मंग कर ना! रिकाम्या हातानं पाठवाची का लेकीले?" सुलोचनाबाई म्हणाली.

चाळणी नवी झाली. पण पारखल्याशिवाय पाठवायची कशी? मिलचा पट्टा जोडावा लागला, लठ्ठ धान आणून अंगणात वाळवावा लागला. मिल धडधडली तशा चिमण्या दुसऱ्या गावाला गेल्या.

जोडीला आणखी एक चाळणी देऊन बोळवण झाली. महिनाभरात मोनूचा फोन आला. "काका, आपली मिल पळून राहिली! शेजारच्या मिलवाल्याले बी असीच चाळणी पायजे. त्याच्या सोयऱ्यालेबी!"

मग काय, मिलच्या बाजूला खुशालची शेड उभी राहिली, गावातली पोरं चाळण्या ठोकायला लागली. प्रत्येक चाळणी धानावर पारखल्याशिवाय जात नसे, म्हणून अंगण कधी रिकामं राहिलं नाही. टांझानियातल्या गिरण्या आता दिवाळीत आपसूक करडीकडे तोंड करतात, असं मोनू सांगतो. मोनू माझ्याइतकाच खरं बोलतो.

परवा भय्याजींनी हळूच विषय काढला. मादागास्करलाही एक मिल टाकावी म्हणतात.

सुलोचनाबाईनं पायानं धान हलवणं थांबवलं नाही.

"टाका ना जी. पर आदी सांगा, दिवाळीले आणाले कोण जाईन?"