सारजाबाईंच्या हातावरचे दवण्याचे अत्तर

मित्रांनो, मी एक जुने दवण्याचे अत्तर आहे. जुने म्हटल्याबरोबर नाक मुरडू नका. नवे होते तेव्हाही माझ्यापुढे पुष्कळ नाके मुरडली गेली आहेत.

माझा जन्म दौंड तालुक्यातल्या राहूचा. तिथे सोपानराव फुलशेती करायचे आणि बांधालगत दवणा लावायचे. चैत्रात देवाला वाहून उरलेला दवणा त्यांनी एकदा तांब्याच्या भांड्यात वाफेवर चढवला. निघालेल्या तेलात चंदनाचे तेल आणि थोडे अंबर घालून मला मुरत ठेवले. त्यांची मुलगी प्रांजल लग्न होऊन शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या गावी निघाली, तेव्हा माझी कुपी त्यांनी तिच्या हातात दिली.

"पोरी, ह्ये लावल्या लावल्या हुंगायचं न्हाई. अंगाच्या उबंला जरा येळ द्यायचा," एवढेच ते म्हणाले.

संक्रांतीला प्रांजलचे सासरी पहिले हळदीकुंकू झाले. बायकांना कुंकू लावून झाले की ती प्रत्येकीच्या पालथ्या हातावर माझा फाया फिरवायची. आणि त्या बायका! दोन्ही हात खसाखसा चोळायच्या आणि लगेच नाकाशी न्यायच्या. सुरुवातीला मी कडवट, हिरवा पालाच असते हो, त्याला मी काय करणार?

"अगं बया, ह्यो तर काढ्याचा वास हाय!" शेजारच्या ताईबाई म्हणाल्या. सगळ्या खो खो हसल्या आणि वाण घेऊन गेल्या. प्रांजलचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटले.

तिच्या सासूबाई, सारजाबाई, त्या वेळी स्वयंपाकघरात होत्या. सकाळपासून सगळी वाणे त्यांनीच भरली होती. पण त्यांचे यजमान हौसराव गेल्यापासून हळदीकुंकवाच्या दिवशी त्या बाहेरच्या खोलीत येत नसत. कुणी बोलावतही नसे.

"आत्या, हात द्या," प्रांजल म्हणाली.

"मला कशाला गं? लोक काय म्हणतील?"

"कुंकू न्हाई आत्या, आमच्या आबांचं अत्तर हाय."

पदराला पुसून त्यांनी एक हात पुढे केला. चोळायचा धीर त्यांना झाला नाही. परक्याची वस्तू सांभाळावी तसा तो हात मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या.

मित्रांनो, आता ऐका. त्या कातडीची ऊब मला हळूहळू लागली. आधी पाल्याचा कडवटपणा विरला. मग पिकल्या बोरांचा वास आला, मग पेंढ्यात पिकत ठेवलेल्या पेरूचा. प्रांजलच्या हातावर मी अंजिरासारखे दरवळते; इथे मी निराळेच झाले. शेवटी अंबर वर आले, उन्हात तापलेल्या मधासारखे, आणि सारे स्वयंपाकघर भरून गेले. मी थक्क झाले. एवढे सगळे माझ्यात होते, हे त्या हातावर येईपर्यंत मलाच ठाऊक नव्हते!

इतक्यात विसरलेले ताट न्यायला ताईबाई परत आल्या आणि दारातच थांबल्या. "कसला गं वास ह्यो?" वास घेत घेत त्या थेट सारजाबाईंपाशी आल्या. सारजाबाईंनी हात पदराखाली घेतला. ताईबाईंनी तो बाहेर काढून नाकाशी धरला. त्यांचे डोळे मिटले.

"तुमच्याच हाताला कसा काय आला?"

"म्या चोळलं न्हाई, एवढंच."

ताईबाईंनी हात सोडला नाही. इतकी वर्षे या घरी येऊन आपण हा हात कधी धरलाच नव्हता, हे त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसले. त्यांनी प्रांजलच्या ताटातले कुंकू बोटावर घेतले. बोट मध्येच थांबले.

"लावू का, सारजाबाई?"

माझ्याखालची सारजाबाईंची शीर थडथड उडत होती. त्या उबेने मी असे दरवळले की प्रांजलच्या डोळ्यांत पाणी आले.

"लावा," सारजाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कपाळ पुढे केले.

मित्रांनो, आता मी कुपीच्या तळाशी थोडेसे उरले आहे. मला जपायचे म्हणून कपाटात कोंडू नका. हातावर लावा, चोळू नका, जरा थांबा. आणि लावताना घरातला एकही हात वगळू नका.