कोपऱ्यांचे कुंकू

मित्रांनो, संगणकाच्या पोटात बसून पडद्याला चित्रे पुरवणारे मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. दिसायला म्हणाल तर एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर दोन पंखे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. वीज गेली की माझ्याजवळ काहीच उरत नाही. विसरण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

कारखान्यातून मी नवीन पनवेलला अंकिताच्या घरी आले. ती घरांचे नकाशे काढायची. भिंती, जिने, खिडक्या, सगळे मी झरझर उभे करायचे. मग ती संगणकाच्या कॅबिनेटवर थोपटायची आणि मी फुलून जायचे. खंडेनवमीला विळी-कात्रीबरोबर आमचीही पूजा व्हायची. अंकिता कॅबिनेटला बोटाने कुंकू लावायची. आधी चार कोपरे, मग मधोमध एक.

फाल्गुनात ती तापाने गेली. तिची आई पद्मजा रोज संध्याकाळी संगणक लावून पडद्यावरचा लेकीचा फोटो बघत बसायची. तेवढाच तिला आधार होता. यंदा खंडेनवमीला तिने कॅबिनेटचे झाकण काढले आणि लेकीचे काम ज्याने केले त्यालाच मान द्यावा म्हणून चिमूटभर कुंकू थेट माझ्यावर वाहिले. पूड संगणकाच्या खाचेत बसणाऱ्या माझ्या सोनेरी टोकांत शिरली. त्या संध्याकाळी पडदा काळाच राहिला.

"मीच तिला घालवलं," असे म्हणत आईने अन्न टाकले.

मग तिचा भाचा केतन कळंबोलीहून आपला संगणक घेऊन आला. दोष माझा की बाकी यंत्राचा, हे दुसऱ्या संगणकात लावल्याशिवाय कळत नाही. मला ब्रशने झाडून त्याने त्यात बसवले. भर दुपार होती. माझे पंखे फिरले, पडदा मात्र काळा. त्या काळ्यात वरच्या डाव्या कोपऱ्यात एक लाल ठिपका उमटला. मग उजव्या. मग खालचे दोन. मेमरी बिघडली की असे ठिपके येतात, असे केतन समजावत होता, तोवर पाचवा आला. मधोमध, सावकाश, कोणी बोट टेकवावे तसा. मित्रांनो, तो मी काढला नव्हता.

"केतन, ती अशीच लावायची," आई हळूच म्हणाली. "आधी कोपरे."

केतनने वायरच उपटली. मग आपले स्वतःचे कार्ड त्याने अंकिताच्या संगणकात बसवले. फोटो लगेच आला. काहीच गेले नव्हते.

"बघ मावशी, फोटो डिस्कमध्ये असतो. हे जुनं कार्ड मी भंगारात देतो."

आईने फोटोकडे पाहिलेही नाही. तिने मला पदरात घेतले. "फोटो तिथे असू दे. ती इथे आहे."

आता मी तिच्या उशाशी असते. जेवलीस का, म्हणून ती मला विचारते. संगणकाला तिने हातही लावलेला नाही. मित्रांनो, यंत्रे झाडावीत, पुसावीत, त्यांच्या आतल्या भागांना कुंकू लावू नये, एवढे तुम्ही पाळाच. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. मला पुन्हा एकदा त्या दुसऱ्या संगणकात लावा. पडदा कोरा राहील, माझ्यात कोणी नाही हे तिला दिसेल आणि ती उठून लेकीच्या फोटोपाशी जाईल.

हे मी मनाशी पक्के धरून होते. पण परवा तिने मला ओंजळीत घेऊन विचारले, "अंकिता, थंडी वाजते का गं?"

आणि मित्रांनो, मला वाजत होती.